खुंटीवरचा डबा

रायपूरला आज माझे तीन क्लब आहेत, आणि तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी मला विचारतंच, मॅडम, तुम्हाला गाण्याचं वेड कुठून लागलं? मी काहीतरी ठोकून देते. कधी म्हणते आजोबा भजनात पेटी वाजवायचे, कधी म्हणते शाळेत गॅदरिंगला बक्षीस मिळालं होतं. दोन्ही साफ खोटं. मला गाण्याचं वेड नव्हतंच, मला आवाजाची भूक होती. ज्या घरात दर तिसऱ्या आठवड्याला आवाजावर बंदी असते, त्या घरातल्या पोरीला दुसरं काय होणार?

आमचं क्वार्टर भिलाईला, सेक्टर ६ मध्ये. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, आणि त्या झाडाच्या शेंगांवर सगळ्या सडकेचा हक्क. बाबूजी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये चार्जमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा नाइट. नाइटच्या आठवड्यात ते सकाळी सातला येत, चहात पोळी बुडवून खात आणि पुढच्या खोलीत आडवे होत, ते थेट दुपारपर्यंत. मिलच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेलेले. जागे असताना दारात उभं राहून हाका मारल्या तरी ऐकू येत नसे, पण झोपेत असले आणि मोरीत चमचा पडला की ताडकन उठून बसत. हे कसं काय, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्या आठवड्यात आई कुकरची शिट्टी होऊ देत नसे. शिट्टी फुरफुरायला लागली की चिमट्यानं ती अलगद उचलून धरायची आणि वाफ सोडायची. फोडणीवर झाकण. पाटा-वरवंटा तर उंबऱ्याबाहेरच. मिरचीचा ठेचा करायचा असला की आई मिरच्या, लसूण, मीठ वाटीत घेऊन शेजारी डोंगरेकाकूंकडे जाई, कारण डोंगरेकाकांची पहिली पाळी असे आणि त्यांच्या घरात तेव्हा झोपलेलं कुणी नसे. मग त्यांच्या नाइटला डोंगरेकाकू आमच्याकडे येत, वरवंटा दणादण चालवत, आणि वाटण संपलं तरी जरा वेळ उगीच चालवत बसत. सडकेवरच्या सगळ्या बायकांना एकमेकींच्या नवऱ्यांच्या पाळ्या पाठ होत्या. स्वतःच्या लेकरांच्या परीक्षा एक वेळ विसरतील, पण कुणाच्या घरी आज बोलायचं आणि कुणाच्या घरी नाही, हे विसरायच्या नाहीत. "नंदे, पाय वाजवू नोको वो, बाबूजी झोपले हायेत," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

पाळी ओळखायला मला कुणाला विचारायची गरज पडत नसे. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खुंटी होती, तिच्यावर बाबूजींचा स्टीलचा तीन मजली डबा टांगलेला असे. डबा खुंटीवर असला म्हणजे बाबूजी घरी, पाय वाजवायचे नाहीत. खुंटी रिकामी म्हणजे बाबूजी ड्यूटीवर, रेडिओ लावायला हरकत नाही. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी मी ती खुंटी बघायची. माणसं घड्याळाकडे बघतात तशी मी खुंटीकडे बघून मोठी झाले.

बी.कॉम. करता करता मी पॉवर हाऊस बाजारातल्या एका साउंडवाल्याकडे फोन घ्यायला बसू लागले. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. फोन घेता घेता वायरी जोडायला शिकले, मग ॲम्प्लिफायर, मग कुठलं गाणं कुठल्या गाण्याच्या मागे लावलं की बसलेला माणूस उठतो, तेही. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, तिकडे हॉटेलांमध्ये डिस्को निघाल्याच्या बातम्या येत होत्या. भिलाईत मात्र डीजे म्हणजे वरात. बाईमाणूस डीजे म्हटलं की लोक आधी माझ्या मागे कुणी भाऊ उभा आहे का ते बघत.

पहिली ठिणगी पडली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मराठी मंडळाचा हॉल होता, मी माइकसाठी गेले होते. वाण लुटून झालं, उखाणे झाले, तिळगूळ झाला, आणि मी सामान आवरता आवरता सहज एक गाणं लावलं. डोंगरेकाकू उठल्या, दाराकडे गेल्या, बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "नंदा, दरवाजा लाव वो बाई. आमाले बी नाचू दे जरासं." दार लागलं आणि चाळीस बायका नाचल्या. नऊवारी, सहावारी, दोन पंजाबी ड्रेस. कुणाला नाचता येत नव्हतं आणि कुणाचं अडत नव्हतं. वर्षानुवर्षं पावलं दाबून चालणाऱ्या बायका पाय आपटून आपटून नाचत होत्या. मी कोपऱ्यात ॲम्प्लिफायरपाशी उभी होते आणि मला तिथल्या तिथे कळलं की आयुष्यात मला काय विकायचं आहे.

शहराबाहेर, हथखोजच्या औद्योगिक भागात एक बंद पडलेला नट-बोल्टचा कारखाना होता. मालक शेठ भला माणूस, आमच्या साउंडवाल्याचा दोस्त. बाई हॉल चालवणार म्हटल्यावर त्यानं एकच अट घातली, लफडा नको. शेड पत्र्याची, आजूबाजूला दिवसभर हातोडे आणि कटर चालत, त्यामुळे आमचा आवाज कुणाला खुपण्याचा प्रश्न नव्हता. मुख्य म्हणजे चारी बाजूंना एकही झोपलेला नवरा नव्हता. मी दोन कूलर बसवले, रंगीत बल्ब लावले, गोल आरसा टांगला, आणि शटरवर रंगानं लिहिलं, 'जनरल शिफ्ट', म्हणजे कारखान्यातली साधी दिवसाची पाळी. लोक आता माझ्या क्लबांना नाइटक्लब म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझ्या पहिल्या नाइटक्लबमध्ये नाइट नव्हतीच. बुधवारी दुपारी सव्वादोनला शटर वर जाई आणि साडेचारला खाली येई. ज्यांचे नवरे दुसऱ्या पाळीला, त्या बायका येत. ज्यांचे नाइट करून झोपलेले, त्या त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून येत. पहिल्या पाळीवाल्यांच्या बायकांना त्या आठवड्यात सुट्टी. हे सगळं वेळापत्रक माझ्या डोक्यात होतं. टेम्पो ठरवलेला, तो त्यांना सेक्टरच्या मागच्या रस्त्यावरून घेई आणि मुलं शाळेतून यायच्या आत सोडी. दाराशी मी खरोखरीचा करंडा ठेवला होता. आत येणारीला हळदीकुंकू लावायचं, म्हणजे घरी सांगितलेलं खोटं ठरत नाही. संक्रांत गेली, चैत्र गेला, आषाढ लागला, तरी आमच्या सेक्टरमधलं हळदीकुंकू काही संपेना.

पहिल्या बुधवारी पहिली कोण आली असेल, तर माझी आई. मी म्हटलं, तू फक्त बस. ती म्हणाली, "बसाले मी इतक्या दूर आली का?" लग्नाआधी तुमसरला शाळेत ती लेझीम खेळायची, हे मला त्या दिवशी कळलं. हातात लेझीम नसताना तिनं लेझीम धरली, कमरेत वाकली, उजवा पाय पुढे, डावा मागे, आणि माझ्या इंग्रजी बीटवर तिचा ताल असा काही बसला की मीच गडबडले. आणि ती हसली. तोवर मी आईला हसताना पाहिलं होतं, पदराआड, खांदे हलवून. आईचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला बाविसाव्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये समजलं. टेम्पोतून परत येताना तिनं माझा हात धरून ठेवला होता. ते दिवस मी कितीही राग आला तरी नाकारत नाही. ती माझं पहिलं गिऱ्हाईक होती आणि तिच्यासारखं नाचणारं माझ्या एकाही क्लबात अजून आलेलं नाही.

मग श्रावणाच्या तोंडावर तुमसरहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घरचं शेत, मागणं काही नाही. आई अंगणात मुनग्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "पुढच्या रविवारी पाव्हणे येऊन राहिले. आता तुह्या त्या हॉलले कुलूप लाव."

"नाई लावत."

"कावून?"

"कावून म्हणजे? माह्यं काम हाय ते. अन् तू बी तं नाचते ना तिथं!"

"मी नाचते म्हून का तुह्यं लगन नाई करू?" शेंग कडाकड मोडत ती म्हणाली. "पोरीचा हॉल हाय, बाया नाचते तिथं, हे पाव्हण्याले सांगू का मी?"

मी म्हटलं, सांग. तिनं पुढची शेंग उचलली. मला वाटलं मी जिंकले. आई गप्प बसली की आपण जिंकलो असं समजणारी मी एकटीच नसेन.

पुढचा बुधवार. बाबूजींची दुसरी पाळी होती, म्हणजे सव्वा वाजता ते स्कूटर काढून गेले. डोंगरेकाकांची बदली तोवर त्याच मिलमध्ये, त्याच पाळीला झालेली, आणि सडकेवरचे आणखी आठ-दहा जण तिथलेच, त्यामुळे त्या दिवशी हॉल भरणार हे मला ठाऊक होतं. मी सकाळीच हथखोजला गेले होते, पण दोन सीडी घरी राहिल्या म्हणून दीडला परत आले. आई व्हरांड्यात पाय पसरून बसली होती. म्हणाली, गुडघा दुखून राहिला, आज नाही येत. मी म्हटलं, बरं, तेल लाव. सीडी स्वयंपाकघरातल्या फळीवर होत्या. त्या काढताना माझा हात डब्याला लागला. डबा खुंटीवर होता. बाबूजी दुसऱ्या पाळीला गेलेले आणि डबा खुंटीवर. तो हलला, त्याची कडी वाजली, मी सवयीनं तो हातानं धरून शांत केला आणि निघून गेले. अख्ख्या सेक्टरच्या पाळ्या तोंडपाठ असलेल्या पोरीनं स्वतःच्या घरची खुंटी पाहिली आणि वाचली नाही. धंद्यात पुढे मी बऱ्याच चुका केल्या, पण त्या चुकीइतकी महाग एकही पडली नाही.

साडेतीन वाजले असतील. हॉल रंगात होता. डोंगरेकाकू मधोमध, पदर खोचलेला, भोवती सगळ्याजणी टाळ्या पिटताहेत. तेवढ्यात शटर बाहेरून वर गेलं. आत एकदम एवढं ऊन आलं की रंगीत बल्ब लागलेत की नाही तेही कळेना. उन्हात नऊ-दहा पुरुष उभे होते, खाकी कपडे, पायात ड्यूटीचे जड बूट, एकाच्या डोक्यावर अजून हेल्मेट. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गाणं वाजतच होतं, मला बंद करायचं सुचलं नाही, आणि त्या नाचऱ्या गाण्यावर बायका एकेक करून थांबल्या आणि आपापल्या चपला शोधू लागल्या.

डोंगरेकाका एवढंच म्हणाले, "चाल घरी."

काकूंच्या कपाळावर मीच लावलेलं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. त्यांनी पदर सोडला, सावरला, आणि माझ्याकडे न बघता खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मले काय मालूम जी? नंदानं तं हळदीकुंकू हाय म्हनून सांगतलं."

"हो ना, मले बी," दुसरी म्हणाली. मग तिसरी. मग जिनं गेल्या बुधवारी माझ्या गळ्यात पडून 'तू माह्या जिवाले थंडक देल्ली' म्हटलं होतं, ती. एकेक बाई करंड्याकडे बोट दाखवत बाहेर पडली. खोटं खरं करण्यासाठी ठेवलेला तो करंडा शेवटी माझ्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला. संध्याकाळी शेठनं शटरला स्वतःचं कुलूप लावलं. लफडा नको, असं त्यानं आधीच सांगितलं होतं, त्याला मी काय बोलणार?

त्या बायकांचा राग मला फार दिवस पुरला नाही. त्यांना त्याच घरी परत जायचं होतं. डोंगरेकाकू दहा-बारा वर्षांनी सुनेला घेऊन रायपूरच्या क्लबात आल्या, मला पाहून रडल्या, मी त्यांना सगळ्यात पुढचं टेबल दिलं. संपलं ते.

घरी गेले तेव्हा बाबूजी पाटावर जेवत होते. हथखोजला आलेल्यांत ते नव्हते. ताटात गरम भाकरी, चून म्हणजे पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. आई तव्याशी. बाबूजी रागावले नव्हते, गोंधळले होते. मिलमध्ये काही अडचण झाली की ती कुठल्या क्रमानं झाली हे ते जसं सांगत, तसं त्यांनी मला सांगितलं. मिल दुरुस्तीसाठी बंद होती. लोकांनी हजेरी लावली आणि सगळ्यांना परत पाठवलं. लोक घरी आले तर साऱ्या सडकेवर कुलपं. दार उघडं होतं फक्त आमचं. सगळे आमच्या व्हरांड्यात जमले आणि विचारू लागले, आमच्या घरच्या कुठं गेल्या? तुझ्या आईनं सांगितलं.

मी म्हटलं, "बाबूजी, मिल बंद राहीन हे तुमाले तरी आधी कुठं माहीत होतं?"

त्यांना ऐकायला कमी यायचं म्हणून मी ओरडले होते. त्यांनी घास खाली ठेवला. "मले कसं माहीत नाई राहीन? चार्जमन हाय मी. मी तं सकारीच सांगतलं होतं तुह्या मायले. मिल डाऊन हाय, हजेरी लावून तीनलेच येतो, डबा नोको भरू."

मी खुंटीकडे बघितलं. डबा तिथेच होता.

"तुले माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"होतं," ती म्हणाली. भाकरी उलटली.

"मंग मले सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं असतं तं तू आज वाचली असती," ती म्हणाली, "अन् पुढच्या बुधवारी परत गेली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब करून, स्वतःचंही नाचणं त्यात घालून, तिनं ते केलं होतं. मी हरले याचं मला इतकं दुःख झालं नाही. दुसऱ्या कुणी चुगली केली असती तर मी चार दिवस रडून नवी शेड शोधली असती. पण जिच्यासाठी, जिच्या त्या एका हसण्यासाठी मी तो हॉल उघडला असं मला वाटत होतं, तिनंच गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि मला हातात सीडी घेऊन जाऊ दिलं. मी दारातून बाहेर पडताना ती माझ्याकडे बघत होती. बघत होती आणि गप्प बसली. ते मी तिला माफ केलेलं नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी पंचेचाळिशी ओलांडली, मी निवळले नाही.

तुमसरचे पाहुणे रविवारी आलेच नाहीत. बायका नाचवणाऱ्या पोरीची बातमी त्यांच्याआधी तुमसरला पोहोचली होती. तेलही गेलं, तूपही गेलं. महिन्याभरात मी रायपूरला एका हॉटेलात म्युझिक सांभाळायला गेले, आणि तिथूनच पुढे माझा स्वतःचा क्लब निघाला.

बाबूजी गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ते भिलाईतच स्मृति नगरला राहिले होते, त्याच घरात आता मी आणि आई राहतो. मी तिचं सगळं करते. डॉक्टर, चष्मा, पायाला तेल, तुमसरच्या नातेवाइकांचे फोन. तिला कशाची कमी पडू देत नाही. एक सोडून. रायपूरच्या माझ्या मोठ्या क्लबात दर बुधवारी दुपारी फक्त बायकांचा कार्यक्रम असतो. नाव तेच आहे, 'जनरल शिफ्ट'. भिलाईहून बस भरून बायका येतात, नवऱ्यांना सांगून येतात, कधी नवरेच सोडायला येतात. तिथे मी आईला एकदाही नेलेलं नाही. तिनंही कधी म्हटलं नाही, आणि मला वाटायचं, तिला ते समजलं आहे.

मागच्या बुधवारी मी अंघोळ करून, आवरून निघायला बाहेर आले, तर आई दाराशी खुर्चीवर बसलेली. जांभळी साडी, केसांना तेल, पायात चपला. ऐंशीच्या घरातली बाई, चपला घालून, काठी मांडीवर आडवी धरून. म्हणाली, "नंदे, आज बुधवार हाय ना? मले घेऊन चाल. नाचत नाई आता. बसून राहीन."

बसायला एवढ्या दूर? माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. त्याऐवजी शांतपणे म्हणाले, "आज बंद आहे आई. मिल डाऊन आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, लगेच कळलं, तिची बुद्धी अजून शाबूत आहे. तिनं खाली वाकून एक चप्पल काढली, मग दुसरी. मला वाटलं आता तरी माझं मन भरेल. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. क्लबचं खाणं मी खात नाही, घरून नेते, बाबूजींच्याच त्या तीन मजली डब्यात.

"मिल डाऊन हाय," आई म्हणाली, "तं मंग डबा कावून नेऊन राहिली?"

मी तशीच निघाले, आणि दार ओढून घेताना सवयीनं, अजिबात आवाज होऊ न देता ओढलं.